बिनदमाचा झीलकरी

मित्रांनो, माझा आवाज तुम्ही कुठे ना कुठे ऐकलाच असेल, आणि शेजारी पंखा फिरतोय असं समजून सोडूनही दिला असेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी एक जुनी श्रुतिपेटी आहे, विजेवर आणि सेलवर बोलणारी. गाणाऱ्याच्या मागे एकच सूर धरून बसायचं, हे माझं काम. मला चाल येत नाही, ताल येत नाही, शब्द तर नाहीच नाही. पण एकदा धरलेला सूर मी सोडत नाही. या गुणापायीच माझी भर जत्रेत फजिती झाली आणि एक देव बारा-तेरा वर्षं वाटेवर उभा राहिला. कसा, ते सांगते.

माझा जन्म बंगळूरच्या एका बोळातला. तिथल्या छोट्या कारखान्यात ईरम्मा नावाच्या बाई होत्या. त्यांनी माझ्या आतल्या तारा डाख देऊन जोडल्या. झाकण लावण्याआधी त्या प्रत्येक पेटीला कान लावत आणि तिच्या सुरात आपला सूर मिळवून बघत. माझ्याशी सूर मिळवताना त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. मला लागला नाही. मला तेव्हा आपला फार अभिमान वाटला होता. माझं अंग तपकिरी, पुढे तीन बटणं. एक सूर चढवायचं-उतरवायचं, दुसरं तो बारीक जुळवायचं आणि तिसरं आवाज लहान-मोठा करायचं. मित्रांनो, या तिसऱ्या बटणावर नजर ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे.

तिथून मी गुलबर्ग्याच्या एका वाद्यांच्या दुकानात आले आणि काचेमागे बसले. एक दिवस रेडिओचे सुटे भाग घ्यायला आलेला एक तरुण माझ्यापुढे उभा राहिला. त्याचं नाव मल्लेश. हुमनाबादच्या बसस्टँडमागे त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराने मला चालू केलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तेवढा वेळ मी सूर धरून होते. मल्लेश कान देऊन ऐकत होता. शेवटी तो स्वतःशीच म्हणाला, "आपल्याला असाच पायजे. ह्यो पुण्याला जायचा न्हाई."

या बोलण्याचा अर्थ मला नंतर कळला. मल्लेशचे वडील शिवाप्पा हुमनाबादजवळच्या निर्णा गावात राहत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी मेंढरं राखली. शिवाप्पांच्या वाट्याला थोडं रान आणि बाकी मजुरी आली. मेंढरं गेली, पण मेंढरांमागची ओवी तेवढी त्यांच्याकडे राहिली होती. ओवी एकट्याने म्हणायची नसते. गाणारा ओळ उचलतो आणि त्याच्या मागचा झीलकरी ओळीतला शेवटचा शब्द धरून छातीत दम असेतो लांबवतो. त्याला म्हणतात झील. झीलकऱ्याचा दम संपला, झील तुटली, की मगच गाणाऱ्याने पुढची ओळ उचलायची. मधेच उचलणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. शिवाप्पांचे झीलकरी त्यांचे धाकटे भाऊ राघोबा. नव्वदनंतर गावातली माणसं एकेक करून बाहेर पडू लागली. हुमनाबादच्या रस्त्यावर उभं राहिलं की एका बाजूला पुण्याची गाडी मिळते, दुसऱ्या बाजूला हैदराबादची. राघोबा पुण्याच्या गाडीत बसले आणि एका कंपनीच्या फाटकावर पहारेकरी झाले. त्या दिवसापासून शिवाप्पांची ओवी बंद.

"एका हातानं टाळी वाजती का?" ते म्हणायचे आणि विषय संपवायचे.

मल्लेशला बापाची ओवी हवी होती. लहानपणी तो तिच्यावरच झोपलेला. भावाची जागा पेटीने भरून निघेल, असं त्याच्या साध्या मनाला वाटलं आणि मला टॉवेलात गुंडाळून त्याने घरी आणलं.

चंपाषष्ठीच्या दुपारी गावातल्या मैलाराच्या, म्हणजे आपल्या खंडोबाच्या, देवळापुढे तळी भरून झाली. भंडाऱ्याने सगळ्यांची कपाळं पिवळी झाली होती. कुणीतरी चिमूटभर माझ्याही झाकणावर टाकला. मल्लेशने मला ओट्यावर ठेवून वडिलांना म्हटलं, "अप्पा, तुमी उचला. झील ही धरती." सगळं गाव जमलेलं. शिवाप्पांनी माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं, मग कानावर हात ठेवला आणि ओळ उचलली:

"माळाच्या गं वाटंवरी देव उभा राहिला…"

'राहिला'वर मल्लेशने मला चालू केलं. मी सूर असा धरला की देवळावरची कबुतरं गप्प झाली. लोक म्हणाले, "वा!" शिवाप्पाही हसले आणि झील तुटायची वाट बघत बसले. मी धरून बसले. ते वाट बघतायत आणि मी धरलंय. कुणी पान लावलं, कुणी घरी जाऊन पाणी पिऊन आलं, तरी आमचं तसंच चाललेलं.

"शिवाप्पाण्णा, म्हणा की फुडं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"झील चालू हाय की अजून," शिवाप्पा म्हणाले. "मधीच कसं तोडू?"

मला वाटलं, माझं कौतुकच चाललंय. मी आणखी ताठ बसले. तेव्हा राजूबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावून विचारलं, "मल्लेश, तुज्या झीलकऱ्याला दम लागतो का न्हाई रं?" झालं! एक हसला, दुसरा हसला आणि मग देवळापुढे हशाच पिकला. मल्लेशने घाबरून तिसरं बटण फिरवलं, ते नेमकं उलट. मी कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट गरजले. "बिनदमाचा झीलकरी, बिनदमाचा झीलकरी," असा गलका उठला. मल्लेशने मला तशीच घुमती उचलली, बगलेत मारली आणि देवळामागून जो निघाला तो थेट हुमनाबादच्या बसमध्ये चढला. कंडक्टरने "इंजिनात कसला आवाज येतोय?" म्हणून विचारलं, तेव्हा कुठे त्याने मला बंद केलं.

मित्रांनो, त्यात माझा काय दोष? मला थांबायला कुणी शिकवलंच नव्हतं.

पण गोष्ट हसण्यावारी गेली नाही. पुढच्या वर्षी लोक म्हणाले, "शिवाप्पाण्णा, ती ओवी ऱ्हाऊ द्या. नवी म्हणा." शिवाप्पांनी मान हलवली. "जुनीची झील तुटलेली म्या ऐकली न्हाई. ती चालूच हाय." हट्ट होता, रीत होती, की लेकाचं हसं झालं त्याचं दुःख होतं, ते त्यांचं त्यांना माहीत. मल्लेशच्या आई म्हाळसाबाईंना मात्र वेगळीच धास्ती. पहिल्या ओळीत देव माळाच्या वाटेवर उभा राहिला आणि ओवी तिथेच थांबली. म्हणजे देव तसाच ताटकळत उभा!

"देवाला वाटंवर उभं करून तुमी जेवायलाव," त्या ताट वाढता वाढता नवऱ्याला म्हणायच्या. "कामून असं करायलाव? एक ओळ म्हणा की त्याच्यापुरती."

शिवाप्पा भाकरी मोडत राहायचे. गावातली टवाळ पोरं मल्लेशला फाट्यावर गाठून विचारायची, "काय मल्लेश, देव उभाच का अजून?" हळूहळू मल्लेशने गावी जाणं कमी केलं, आणि शिवाप्पांनी त्याच्या दुकानाची पायरी कधी चढलीच नाही. भांडण नव्हतं. नुसती दोघांच्या मधे मी होते.

मी मधे होते म्हणजे दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवर होते, फुटक्या टीव्हीच्या मागे. मल्लेशने मला तिथे ठेवलं ते सेलसकट. पहिल्या उन्हाळ्यात सेल फुगले, दुसऱ्यात पाझरले आणि त्यांचा पांढरा-हिरवा कीट माझ्या पत्र्याच्या जिभांवर चढला. अंगाची आग होत होती आणि हूं म्हणायची सोय नव्हती. खाली जग बदलत होतं. रेडिओ गेले, टेप गेले, दुकानात मोबाइल आणि त्यांची रंगीत कव्हरं आली. धूळ मात्र जुनीच होती. ती माझ्यावर बसत राहिली.

पुढे एका आषाढात अनिलकुमारचा कीबोर्ड दुरुस्तीला आला. अनिलकुमार लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. आषाढात लग्नं नाहीत, म्हणून वाद्यं आजारी पडायला मोकळी. त्याच्या कीबोर्डची एक पट्टी दाबलेलीच राहत होती. तिच्यासाठी कोण्या जुन्या अडॅप्टरची तार शोधताना मल्लेशचा हात फळीवर गेला आणि मी खाली आले. त्याने माझ्यावरची धूळ फुंकरीने उडवली. मग लिंबाची फोड आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन माझ्या जिभा साफ केल्या, नवे सेल घातले आणि मला चालू केलं. मी घोगरी का होईना, बोलले! शेजारी कीबोर्डची अडकलेली पट्टी आधीच आपला सूर ओढत होती. आमचे दोन सूर अगदी जवळजवळ होते, पण एक नव्हते. त्यांच्यात एक संथ लाट उठली आणि दुकानभर हेलकावू लागली.

"ती पट्टी आता नीट करू नकोस," अनिलकुमार हळूच म्हणाला.

तो काही वर्षं हैदराबादला एका स्टुडिओत होता. तिथे कुणीतरी असलं संगीत लावायचं, चाल नाही, ताल नाही, नुसते लांबच लांब सूर. "त्याला ॲम्बियंट म्हणतात. कुणी ड्रोन म्हणतात," त्याने सांगितलं. "आधी ठरवायचं न्हाई. बसायचं, ऐकायचं आणि जे सुचंल ते धरायचं."

तिसऱ्या आल्या विजयश्रीअक्का. वडिलांच्या मागे मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा त्यांनीच सांभाळला होता. मिक्सरची बटणं त्यांच्या बोटांना पाठ. त्या एक एको मशीन घेऊन आल्या. त्यात सोडलेला आवाज विहिरीत दिलेल्या हाकेसारखा परत परत येतो. मल्लेशने एक जुना रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावला. आणि मग त्या सुन्या दुपारी आमची बैठक बसू लागली. अनिलकुमार पट्ट्यांच्या फटीत घडी केलेला कागद खोचून सूर अडकवून ठेवायचा, अक्का त्यांना विहिरीत सोडायच्या, रेडिओ वाऱ्यासारखा सुटायचा आणि बुडाशी मी. हायवेवरून लॉरीचा हॉर्न आला तर तोही आत घ्यायचा. पुढे काय होणार, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नसे. फळीवर इतकी वर्षं काढलेल्या मला हे सुख नवं होतं.

शेजाऱ्यांना ते सुख कसं कळावं? त्यांनी खांबावरचा ट्रान्सफॉर्मर जळायलाय म्हणून तक्रार केली. तानाजी नावाचा लाईनमन शिडी घेऊन आला, खांबावर चढला, कान लावला, उतरला आणि आवाजाच्या मागावर दुकानात शिरला.

"काय चाललंय हितं?"

"ॲम्बियंट," अनिलकुमार म्हणाला.

"अंबिका? कोण अंबिका?"

झालं, तेच नाव पडलं. त्या दिवसापासून बसस्टँडवर आमच्या वाजवण्याला अंबिकेचं गाणं म्हणू लागले. ही बातमी निर्ण्याला म्हाळसाबाईंच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. लेक देवीचं काहीतरी म्हणायलाय, एवढंच त्यांना कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं.

पण आमच्या वाजवण्यात काहीतरी चुकत होतं. सुरुवात गोड व्हायची आणि मग सगळं घट्ट होत जायचं, ऐकणाऱ्याचा जीव गुदमरायचा. एके दिवशी अक्कांनी मिक्सर बंद केला. "सगळे धरूनच बसलात," त्या म्हणाल्या. "कुणीतरी सोडा की! एकानं सोडलं तर दुसऱ्याचं ऐकू येईल."

मल्लेश माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने त्या दोघांना चंपाषष्ठीची सगळी हकिकत सांगितली. ते आधी पोट धरून हसले आणि हसता हसता गप्प झाले.

"अप्पांना बोलव की हितं," अनिलकुमार म्हणाला.

"कोणत्या तोंडानं बोलवू?" मल्लेश म्हणाला. "माझ्याच हातानं त्यांचं गाणं बंद पडलं."

तो बोलवू शकला नाही. पण त्या दिवसापासून त्याचा अंगठा माझ्या तिसऱ्या बटणावर राहू लागला. खटकन बंद करायचं नाही. सूर हळूहळू बारीक करायचा, इतका की तो कधी संपला ते कुणाला कळू नये, थोडं थांबायचं आणि मग पुन्हा उचलायचा. पहिल्यांदा त्याने मला असं उतरवलं तेव्हा मी भ्याले. वाटलं, परत फळीवर चालले. पण मी गप्प झाले आणि माझ्या जागेवर मला रेडिओचा वारा ऐकू आला, कीबोर्ड ऐकू आला, विहिरीतून परत येणारा माझाच मघाचा आवाज ऐकू आला. मित्रांनो, जन्मल्यापासून मी दुसऱ्या कुणाचं ऐकलंच नव्हतं. मला दम लागला होता, आणि दम लागणं इतकं गोड असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

आता राहिले शिवाप्पा. त्यांना आणलं म्हाळसाबाईंनी. मल्लेशचा डबा रोज गावाकडून बसने यायचा. एके सकाळी त्या गुडघा धरून बसल्या. "माजं पाऊल उचलत न्हाई आज. बसवाला बी ओळखीचा न्हाई. तुमीच डबा घिऊन जावा हुमनाबादला." गुडघा खरोखर दुखत होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. मी दुकानात होते.

आमची बैठक ऐन रंगात होती, तेव्हा दाराशी एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात डबा. अनिलकुमारला वाटलं, मोबाइलचं गिऱ्हाईक. त्याने हातानेच बसायची खूण केली. म्हातारा दाराशी बाकावर बसला. त्याने डबा मांडीवर घेतला आणि कान दिला. मी त्यांना लगेच ओळखलं. सूर संपायची अशी वाट बघत बसणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलं होतं.

मल्लेशने मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला. अक्कांनी भुवई उडवून विचारलं, कोण? त्याचे नुसते ओठ हलले, "अप्पा."

थांबावं की वाजवावं, ते कुणालाच कळेना. थांबलं तर ते डबा ठेवून उठून जाणार. वाजवत राहिलं तर पुन्हा तेच, मी धरून बसणार आणि ते वाट बघत बसणार. अक्कांनी पहिल्यांदा रेडिओची खरखर विरवली. मग अनिलकुमारने पट्ट्यांतला एकेक कागद काढला. विहिरीतली शेवटची हाक परत आली आणि बुडाली. उरले मी एकटी. तोच सूर, तेच शिवाप्पा, आणि माझ्या बटणावर मल्लेशचा घामेजलेला अंगठा.  मी मनात म्हटलं, बाबा, या खेपेला उलट फिरवू नकोस.

त्याने उलट फिरवलं नाही. मी उतरत गेले, बारीक होत गेले आणि संपले.

 बाहेरून एक लॉरी गेली. शिवाप्पा मांडीवरच्या डब्याकडे बघत होते. मग त्यांचा हात सावकाश कानावर गेला आणि वर्षानुवर्षं न गायलेला, खरबरीत, पण पक्का आवाज उठला:

"वाट चुकला मेंढा त्यानं घरी येता पाहिला…"

ती नवी ओवी नव्हती, मित्रांनो. ती त्याच ओवीची दुसरी ओळ होती. देवळापुढे मी धरलेली झील त्यांच्या लेखी आत्ता तुटली होती. 'पाहिला'वर मल्लेशने मला उचललं, मी झील धरली, दमभर लांबवली आणि सोडली. त्यांनी तिसरी ओळ उचलली. मल्लेश रडत होता आणि डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. एक बटणावर होता, दुसऱ्याने त्याने टेबल घट्ट धरलं होतं. ओवी शेवटापर्यंत गेली.

संपल्यावर शिवाप्पा उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या झाकणावर दोन बोटं टेकवून म्हणाले, "लई दमाची निघालीस गं बाई." मग डबा मल्लेशपुढे सरकवला. "भाकर निवली असंल. जेव."

संध्याकाळच्या बसने बातमी गावात पोचली, "देव हालला!" राजूबाईंनी म्हणे साखर वाटली. पुढच्या चंपाषष्ठीला अक्कांनी देवळापुढे स्पीकर लावले, अनिलकुमारने कीबोर्ड मांडला आणि पुण्याहून रजा घेऊन राघोबा आले. त्यांचा दम आता आखूड झालाय. त्यांनी झील धरली, ती मधेच ढासळायला लागली तशी त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, "पाव्हणीबाई, धरा," आणि मी ती अलगद घेतली. कुठे सोडायची ते मात्र मल्लेशचा अंगठा ठरवतो. शिवाप्पा आता कंटाळा येईपर्यंत गातात, असं म्हाळसाबाई म्हणतात. म्हाळसाबाईंना स्वतःला तो अजून आलेला नाही.

आता मी म्हातारी झालेय. माझं एक बटण बदललंय, झाकणाला चीर गेलीय. तीत त्या पहिल्या चंपाषष्ठीचा भंडारा अजून आहे. माझ्यासारखा सूर हल्ली मोबाइलमध्येही मिळतो म्हणे. मिळो बापडा. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारखं कुणी तुमच्या माळ्यावर पडलं असेल, तर त्याला खाली घ्या, पुसा आणि ठेवून देताना आतले सेल आधी काढा, फार पोळतं. आणि तुमच्या घरात एखादं माणूस बोलता बोलता गप्प झालं असेल, तर त्याला "बोला की" म्हणून ओरडू नका. आपला आवाज जरा उतरवून बघा. ते कदाचित आपण संपायची वाट बघत बसलं असेल.